वीस तिकोनांची खोळ

आसिम पहिल्यांदा कौसरला दिसला तेव्हा त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं आणि काखेत विषाणूचं डोकं.

डोकं म्हणजे जुन्या चादरीतून स्वतःच्या हाताने शिवलेलं काहीतरी होतं, कढईत फुटलेल्या कचोरीसारखं. बीबी गावच्या बाजारपेठेत शाळेच्या मैदानासमोर फकीर मोहम्मद यांचं गादी-रजईचं दुकान आहे. त्याच्या उंबऱ्यात तो ते घेऊन उभा राहिला. डिसेंबरची दुपार होती. आत पिंजायचं यंत्र धडधडत होतं आणि दुकानभर कापसाचे तंतू तरंगत होते. थंडीच्या दिवसांत त्या दुकानातून एवढा कापूस उडतो की समोरून गेलेली काळी म्हैस सुलतानपूर येईस्तोवर पांढरी होते, असं लोक सांगतात. लोक जरा वाढवून सांगतात. म्हैस करडी होते.

फकीर मोहम्मद यांच्या लेकीने, कौसरने, यंत्र बंद केलं.

"भाईजान, हेल्मेट काढा. इथं अंगावर कापूस पडते, विटा नाई."

त्याने हेल्मेट काढलं. आत कपाळावर चिकटलेले केस होते, आणि डोळे... पण डोळ्यांचं पुढे येईलच.

"एक उशी शिवायची आहे," तो म्हणाला. "वीस तिकोनांची."

"किती?"

"वीस. मंग कोपरे बारा येतात. अकरा बंद ठेवायचे, एक उघडा."

"उशी आहे का फणस?"

"विषाणू आहे."

आतल्या खाटेवर बसून अख्तरी फुफी सुपारी कातरत होती. फकीर मोहम्मद यांची ही मोठी बहीण. तिच्या अडकित्त्याचा आवाज थांबला, की दुकानात काहीतरी बिघडलं असं गल्लीतले लोक समजत. आता तो थांबला.

"अय बाप्पा! एवढ्या मुश्किलीनं गेला होता, अन् तू त्याले काखेत घेऊन आला?"

"हा माणसाले काही करत नाई, फुफी," त्याने घाईघाईने सांगितलं. "लोणारच्या खाऱ्या पाण्यात बारीक जीवाणू राहतात. हा फक्त त्यांच्या मागं लागते."

"कोणाच्या का होईना, मागं लागणं चांगलं नसते," फुफी म्हणाली आणि अडकित्ता परत चालू झाला. म्हणजे पोरगा पास झाला होता, निदान उंबऱ्यापुरता.

तो साखरखेर्ड्याचा. त्या विषाणूवरच पीएच.डी. करत होता. त्याच्या मार्गदर्शक रेणुका मॅडमनी त्याला सांगितलं होतं, जे आपल्या मुलखातल्या माणसाला समजावता येत नाही ते तुला स्वतःला कळलेलं नाही, असं समज. येत्या रविवारी समोरच्या मैदानावर विज्ञान प्रदर्शन होतं. तिथे त्याला शाळेच्या पोरांपुढे विषाणू भरून दाखवायचा होता.

"भरून?" कौसरने कान टवकारले. भरणं म्हटलं की तो त्यांचा प्रांत.

"हाव. विषाणू आधी रिकामं डोकं तयार करते. मंग त्याच्यात आपला धागा भरते. धागा म्हणजे त्याचा डीएनए, त्याची सगळी कुंडलीच म्हणा ना."

"खोळ आधी, कापूस मागून. आमच्यासारखंच."

"म्हणून तर तुमच्याकडं आलो."

"सुई धरता येत नाई म्हणून आले म्हणा, भाईजान."

त्याने कचोरी काउंटरवर ठेवली. जरा थांबला. मग खाली बघत म्हणाला, "एक विनंती होती. भाईजान नोका म्हणू."

कौसरने दाभणात दोरा ओवायला घेतला, आणि शिवणकामाच्या बारा वर्षांत पहिल्यांदाच तिला त्यासाठी तीन खेपा लागल्या.

*

गुरुवारी खोळ तयार झाली. मांजरपाटाची, वीतभर, वीस तिकोनांची, आणि एका कोपऱ्यात तीन बोटं जातील एवढं तोंड. आसिमने ती हातात घेऊन फिरवून फिरवून बघितली. बाराही कोपरे दोनदा मोजले. मग कौसरकडे असं बघितलं, जणू खोळ तिने शिवलेली नसून विषाणूने स्वतः येऊन तिला शिकवली असावी.

"आता हे भरायचं," तो म्हणाला आणि मोटारसायकलवरून दोरीचं भेंडोळं काढलं. पेन्सिलीएवढी जाड, मऊ सुती दोरी.

"किती आहे?"

"सत्तर मीटर."

"अन् हे सगळं ह्या वीतभर खोळीत?"

"मापच तसं आहे. खऱ्या विषाणूचं डोकं एवढं फुगवलं तर त्याचा धागा सत्तर मीटर होते. अन् तो पाच मिनिटांच्या आत भरते. शेवटी शेवटी आत एवढा दाब होते ना, मोटारच्या टायरच्या वीसपट!"

"फाटत नाई?"

"तुमी शिवली नसते ना, तरी फाटत नाई."

हे कौतुक होतं की टोमणा, ते कौसरला ठरवता येईना. ती दोन्ही धरून चालली आणि हसली.

दोघं समोरासमोर बसले, मध्ये खोळ. तो दोरी आत सारू लागला. सारता सारता सांगू लागला, आणि ठरवूनही कौसरला त्याच्या बोलण्यातून बाहेर पडता येईना. ह्या कामावर दोन प्रथिनं असतात म्हणे. एक छोटं, एक मोठं. मोठं म्हणजे इंजिन. पाच जण मिळून दाराशी बसतात, धागा पकडतात आणि आत ढकलत सुटतात. भरलं की जास्तीचा कापतात आणि निघून जातात.

"अन् छोटी काय करते?" कौसरने छोट्या प्रथिनाला लगेच आपल्यात घेतलं होतं.

"छोटी काहीच ढकलत नाई. आठ-नऊ जणी हातात हात घालून गोल कडं करतात, अन् धाग्याच्या एका जागेवर जाऊन बसतात. बस. तिथं बसून मोठ्याले हाक मारतात, की बाबा, इथून सुरू कर."

"एवढंच?"

"एवढंच. पण ती बसल्याबिगर मोठ्याले समजतच नाई, आपला धागा कोणता अन् दुसऱ्याचा कोणता. धागा तिच्या कड्यातून जाते का बाहेरून येढा घालते, यावर अजून भांडण चालू आहे. मी त्या भांडणातच पीएच.डी. करून राह्यलो."

कौसरने दोरीवरून बोट फिरवलं. सत्तर मीटर, सगळी सारखी दिसणारी.

"पण एवढ्या लांब धाग्यात... तिले तीच एक जागा कशी सापडते?"

आसिमचा हात थांबला.

"चाचपत जाते," तो हळू म्हणाला. "घसरते, थांबते, पुन्हा घसरते... मंग एका जागी येते अन् बसते. तिथून नाई हालत."

"अन् चुकीच्या जागी बसली तर?"

"बसते की कधी कधी. पण तिथं टिकत नाई."

वरून कापसाचा एक तंतू तरंगत आला आणि त्याच्या पापणीवर बसला. तोही तिथून हालेना. तो काढायला कौसरचा हात जरासा उचलला गेला... आणि तिने वेळीच त्या हाताला दुसरं काम दिलं. दोरी पुन्हा पुन्हा अडकत होती. खोळीचं तोंड सारखं मिटत होतं. तिने दोन्ही हातांनी ते तोंड ताणून धरलं.

"सारा आता. अन् कोंबू नोका असं, चिंधी कोंबल्यासारखं. थोडं सारलं की मी खोळ पाव वळण फिरवते. दोरी आपोआप वेटोळं घेते का नाई, बघा."

दोरी सळसळत आत गेली, वेटोळ्यावर वेटोळं. आसिमचं तोंड उघडंच राहिलं.

"खऱ्या विषाणूतबी अशीच बसते! हे समजायले मले तीन प्रबंध वाचा लागले."

"मले एक गादी भरा लागली."

तेवढ्यात अडकित्त्याचा आवाज थांबला.

आता तो का थांबला, ते सांगायला हवं. त्या भागातल्या पिंजाऱ्यांच्या घरांत एक जुनी रीत होती. कोणी सुरू केली ते कुणालाच माहीत नाही. घरातली लेक खोळीचं तोंड धरते ती फक्त आपल्या माणसासाठी. बाप, भाऊ, नवरा. परक्या माणसाने भरायची खोळ असेल तर तोंडाला काडी लावा, खिळ्याला टांगा, वाटेल ते करा, पण पोरीने धरायचं नाही. धरलं, तर तो माणूस परका राहिला नाही असा त्याचा अर्थ. फुफीने स्वतः चाळीस वर्षांपूर्वी एकाच माणसासाठी धरलं होतं. तो फुफा कधीच अल्लाला प्यारा झाला, पण त्याने भरलेली रजई अजून तिच्या खाटेवर होती.

कौसरच्या हे लक्षात आलं तेव्हा निम्मी दोरी आत गेली होती. तिने चटका बसावा तसे हात काढले.

"काय झालं?" आसिमने विचारलं.

"काही नाई. हात दुखला."

"मंग आज राहू द्या," तो म्हणाला आणि दोरी परत बाहेर ओढून काढली. उद्या पुन्हा पहिल्यापासून सराव करायचा होता म्हणे. जाताना हेल्मेट दुकानातच विसरला आणि पाच मिनिटांनी ते घ्यायला परत आला. घेतलं आणि हातमोजे विसरला.

*

"अरे फकीर, तुह्या पोरीनं तोंड धरलं!" अब्बा नमाजाहून परत आले तेव्हा त्यांनी चप्पल काढायच्या आत फुफीने बातमी दिली.

फकीर मोहम्मद धिम्मा माणूस. एकदा त्यांनी भरलेली रजई एका तलाठ्याने पांघरली आणि तो उठला तेव्हा त्याची दोनदा बदली होऊन गेली होती. त्यांच्या स्वभावातला सगळा आराम असा त्यांच्या हातून कापसात उतरायचा. ते सावकाश खाली बसले.

"बेटा, चुकून धरलं का जाणून?"

"चुकून, अब्बा."

"मंग मी ते धरत नाई. पण रविवारी जालन्याचे लोक येऊन राह्यले. मतीन पोरगा चांगला आहे. फोमच्या गाद्यांची एजन्सी आहे त्याची, म्हणजे दुश्मनाच्या घरचा आहे, पण चांगला आहे. मी त्यांले अजून हो म्हटलं नाई, नाही म्हटलं नाई. तुह्या मनात काही असन तर रविवारच्या आत सांग. तुह्या हातचा चहा पिऊन ते उठले की हो म्हटल्यासारखं होते, मंग मले जबान बदलता येणार नाई."

"मी सांगून काय होणार? त्यानं तर काही म्हणायले पायजे ना."

"मी सांगते त्याले रीत!" फुफीने पदर खोचला. "उद्या आला की पहिलं हेच."

"फुफी, तुले माही कसम. रीत समजल्यावर तो हो म्हणला तर मले काय समजणार? तो रीतीपायी आला, का..."

वाक्य तिने पुरं केलं नाही. पण फुफीला ऐकू आलं. तिने एक मोठं सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि त्यावर तोंड मिटून घेतलं.

शुक्रवारी आसिम आला तेव्हा खोळीच्या तोंडात एक पितळी बांगडी शिवलेली होती. कौसरच्या उजव्या हातातली. तोंड आता आपोआप उघडं राहत होतं.

"हे काय?" तो म्हणाला.

"तुमचं दार. आता कोणी धरायची गरज नाई."

"बांगडी चांगली आहे..." त्याचा चेहरा पाऊस पडायच्या आधी होतं तसा झाला. "पण बांगडी पाव वळण फिरवत नाई."

"तुमी फिरवा. दोन हात आहेत ना?"

"दोनच आहेत," तो म्हणाला.

त्याने एकट्याने भरायला घेतलं. दोरी दहा मीटरवर अडकली. काढली, पुन्हा भरली, पंधरावर अडकली. कौसर यंत्रापाशी उभी राहून पाठमोरीच कापूस पिंजत होती, आणि पिंजून झालेला कापूसच परत पिंजत होती. शेवटी खोळ काखेत घेऊन जाताना तो दारात थांबला.

"रविवारी याल ना बघायले?"

"रविवारी पाहुणे आहेत घरी."

"कोण पाहुणे?"

"जालन्याचे." तिने जरा थांबून पुढे म्हटलं, "बघायले येऊन राह्यले."

काय बघायला, हे त्याने विचारलं नाही. काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि हेल्मेट घातलं. विषाणूबद्दल तासभर बोलणारा माणूस, काच खाली ओढून निघून गेला. शनिवारी आलाच नाही. त्या दिवशी कौसरने शिवलेल्या तिन्ही उशा फुफीला उसवाव्या लागल्या.

*

रविवारी बारा वाजता जालन्याचे पाहुणे दुकानामागच्या बैठकीत बसले. मतीन खरंच चांगला होता. लाजरा, गोरा, भेट म्हणून स्वतःच्या एजन्सीची फोमची उशी घेऊन आलेला. फुफी त्या उशीकडे सवतीकडे बघावं तसं बघत होती. समोरच्या मैदानावर प्रदर्शन भरलं होतं आणि भोंग्यातून एकेक पोरगं ज्वालामुखी, पवनचक्की समजावून सांगत होतं.

कौसर चहाचा ट्रे घेऊन दारातून आत येत होती. तेवढ्यात भोंग्यातून ओळखीचा आवाज आला.

"...तर पोरांहो, आता हे डोकं भरायचं. यासाठी दोन जण लागतात. एक ढकलणारा अन् एक..."

"थांबा, मी येतो!" हा प्रज्वल सरांचा आवाज, शाळेतले विज्ञानाचे मास्तर. "मी धरतो तोंड."

"नाई सर. तुमी नोका धरू."

"का हो? माझे हात स्वच्छ आहेत."

भोंगा खरखरला. मग आसिमचा आवाज आला.

"सर, ही खोळ ज्या घरात शिवली ना, त्या घरात हे तोंड कोणीबी धरत नाई. आपल्या माणसासाठीच धरतात."

ट्रेमधल्या कपांनी एकमेकांना किणकिण करून काहीतरी सांगितलं. कौसरने गर्रकन फुफीकडे बघितलं.

"अल्लाची कसम, मी एक शब्द काढला नाई!" फुफी ओरडली. "सुपारीनं माहे दात दुखून राह्यले, पण तोंड नाई उघडलं!"

"म्हणजे त्याले..." कौसर पुटपुटली.

त्याला माहीत होतं.

"बांगडी लावली होती तोंडाले," भोंगा सांगत होता. "मी ती काल घरी बसून उसवली. दार उघडं ठेवायले बांगडी चालते, पण ती हाक ऐकत नाई. छोट्या प्रथिनाचं मी मघाशी सांगितलं. आपली जागा सापडली की ते बसते, अन् हाक मारते. तर मी... मी हाक मारून राह्यलो. कोणी येत असन तर... दोरी तयार आहे."

पोरं हसली. त्यांना वाटलं, हाही प्रयोगाचाच भाग आहे. तसा तो होताच.

कौसरने अब्बांकडे बघितलं. पाहुण्यांपुढे अजून एकही कप ठेवलेला नव्हता.

"अब्बा, चहा अजून कोणी पेला नाई," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच नवा वाटला.

फकीर मोहम्मद यांनी तिच्या हातातला ट्रे घेतला. "जा बेटा. ह्या खेपेला चुकून धरू नको फक्त."

रस्ता ओलांडायला वीस पावलं लागतात. कौसरने ती सात पावलांत ओलांडली असं गल्ली सांगते. गल्लीतल्या माणसांना मोजता येत नाही. नऊ होती.

गर्दी बाजूला झाली. टेबलावर खोळ होती, तोंड मिटलेली. आसिम दोरीचं टोक धरून उभा होता आणि त्याचे डोळे... डोळ्यांचं पुढे येईल म्हटलं होतं ना. तर ते डोळे आता, तिने येऊन दोन्ही हातांनी खोळीचं तोंड धरलं तेव्हा, असे झाले की समोरच्या रांगेतल्या पोरीसुद्धा ज्वालामुखी विसरून त्यांच्याकडे बघू लागल्या.

"सारा," कौसर म्हणाली.

त्याने दोरी सारली. तिने पाव वळण फिरवलं. त्याने सारली, तिने फिरवलं. पोरांनी मीटर मोजायला सुरुवात केली, दहा, वीस, तीस, आणि त्या गलक्यात दोघांना हळू बोलायला भरपूर जागा मिळाली.

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. माही नानी सुलतानपूरची, पिंजाऱ्याची पोरगी. ती म्हणे, रजई कशीबी भर, पण तोंड कोण धरून राह्यलं तेवढं बघ."

"मंग बोलले काऊन नाई?"

"तुमी चुकून धरलं का जाणून, ते समजत नव्हतं. विचारलं असतं अन् तुमी 'चुकून' म्हटलं असतं तर?"

"तेच म्हटलं असतं." पाव वळण. "अन् गुरुवारी दोरी अडकली होती, ती?"

तो कानापर्यंत लाल झाला. "चारदा अडकली. एकदा खरी."

"अन् बाकी तीनदा?"

"...मी अडकवली."

"साठ!" पोरं ओरडली. खोळ आता भोपळ्यासारखी टणक झाली होती. वीसही तिकोन ताणून उभे राहिले होते, पण एकही टाका हालला नाही. सत्तरला थोडंसं शेपूट बाहेर राहिलं. कौसरने कमरेची कात्री काढून ते कापलं, तोंड मिटलं, आणि टाळ्यांचा एवढा कडकडाट झाला की जालन्याच्या पाहुण्यांनीही आत बसून सवयीने दोन टाळ्या वाजवल्या.

आसिमने खिशातून पितळी बांगडी काढली. तिने हात पुढे केला. सत्तर मीटर दोरी तीन बोटांच्या तोंडातून सारलेला तो माणूस, त्याला ती बांगडी तिच्या मनगटात घालायला तीन खेपा लागल्या.

"आता तरी भाईजान म्हणणार नाई ना?" त्याने विचारलं.

"आता म्हटलं तर फुफी अडकित्त्यानं माही जीभ कापन."

तिकडे बैठकीत मतीनने चहा संपवला, फोमची उशी काखेत घेतली आणि अब्बांना हसून म्हणाला, "चाचा, ह्या घरात फोम चालणार नाही, हे उंबऱ्यातच समजलं होतं." त्याचंही पुढे चांगलं झालं. पण ती जालन्याची गोष्ट आहे.

*

फकीर मोहम्मद यांनी मात्र एवढ्यावर हो म्हटलं नाही.

"विषाणू भरणं ठीक आहे," ते आसिमला म्हणाले. "तो काय, वीतभर. पाच किलोची रजई भरून दाखव. अन् गाठ नाई आली पायजे."

आसिमने आठ दिवस सुट्टी घेतली. लोणारचा विषाणू तोवर खाऱ्या पाण्यात आपला आपण भरत राहिला. आठव्या दिवशी दुकानाच्या फरशीवर दुलईएवढी खोळ पसरली. तो कापूस सारत गेला, समोर कौसर तोंड धरून बसली. दुपारी तोंडावर शेवटची शिवण पडली. अब्बा गुडघ्यावर बसले आणि डोळे मिटून रजईवरून हात फिरवू लागले. डावीकडून उजवीकडे, वरून खाली. मधोमध, कोपरभर आत, त्यांचा हात थांबला.

अडकित्ताही थांबला.

"गाठ आहे," अब्बा म्हणाले.

आसिमने मान खाली घातली. कापसाचा एक तंतू वरून सावकाश खाली येत होता आणि तो जमिनीला टेकेपर्यंत जणू सगळे त्याचीच वाट बघत होते.

"ती त्यांची नाई, अब्बा," कौसर म्हणाली. "माही आहे. तोंड धरताना... मी खोळीकडं बघतच नव्हती."

फकीर मोहम्मद यांनी डोळे उघडले. लेकीकडे बघितलं, मग पोराकडे, मग त्या गाठीवर एकदा हलकेच थोपटलं.

"राहू द्या मंग तिथंच," ते म्हणाले.

आणि आत खाटेवर अडकित्ता परत चालू झाला.